टीव्हीसमोरची तोंडी परीक्षा

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. चौतीस वर्षं मराठी शिकवलं. दोन वर्षांपूर्वी गावचं घर बंद करून आम्ही दोघं पुण्यात, वाकडला मुलाकडे राहायला आलो. नातू आठवीत आहे, नात चौथीत. मुलगा-सून दोघंही नोकरीवाले, मुलांवर संस्कार करायला त्यांना वेळ नाही. म्हणून ते काम मी अंगावर घेतलं. घरात काही घडलं किंवा सगळ्यांनी मिळून सिनेमा पाहिला, की मी मुलांना विचारतो, “यातून काय शिकलात?”

मागच्या महिन्यात टीव्हीवर ‘अशी ही बनवाबनवी’ लागला होता. सगळे पोट धरून हसले, मीही हसलो. संपल्यावर नेहमीचा प्रश्न विचारला. नातू म्हणाला, “खोली हवी असेल तर मालकिणीशी खोटं बोलावं.” मला तो उद्धटपणा वाटला, मी बोललो. तो उठून आत गेला. होळीला सूनबाईंची पुरणपोळी तव्यावर फुटली, पुरण करपलं. त्या हसून म्हणाल्या, “चला, आज पुरणाचा डोसा.” सगळे हसले. मी मुलांना म्हटलं, “अपयश हसत कसं पचवायचं ते आईकडून शिका.” तर सूनबाईच गप्प झाल्या. आणि आता नात सरळ सांगते, “आजोबा, तुमच्याबरोबर नाही बघायचं. तुम्ही नंतर तोंडी घेता.”

उलट माझी पत्नी, सातवी शिकलेली, रोज संध्याकाळी मालिका लावून बसते आणि दोन्ही मुलं तिला चिकटून असतात. परवा मालिकेतली कुणी बाई दाराआडून दुसऱ्यांचं बोलणं ऐकत होती. नात आजीला म्हणाली, “आजी, काल आईबाबा बोलत होते तेव्हा तूपण अशीच उभी होतीस!” आणि दोघी खिदळत बसल्या. याला संस्कार म्हणायचं? श्यामच्या आईनं शिकवलं नसतं तर साने गुरुजी घडले असते का? माझं चुकतंय कुठे?

— एक निवृत्त मुख्याध्यापक

उत्तर : सर, नमस्कार.

आधी एक कबुली देते. माझे वडीलही शिक्षक होते. ‘यातून काय शिकलात’ हे वाक्य लहानपणी इतक्यांदा ऐकलंय, की आजही थिएटरात दिवे लागले की मी मनातल्या मनात उत्तराची जुळवाजुळव करायला लागते. तेव्हा या पत्रात मी तुमच्या नातीच्या बाजूची आहे हे समजूनच पुढे वाचा.

पण तुमचीही बाजू कळते. चौतीस वर्षं ज्यानं रोज सकाळी हजेरीपट उघडला, त्याला एकदम दुसऱ्याच्या घरात ‘तुम्ही निवांत बसा’ म्हटलं की ते निवांतपण टोचतं. गावात तुम्ही ‘सर’ होतात. वाकडच्या अकराव्या की बाराव्या मजल्यावर लिफ्टमध्ये भेटणाऱ्यांना तुम्ही कोण ते ठाऊकही नसेल. मग उरतात दोन विद्यार्थी, त्यातली एक चौथीत. ते दोघं फार मोठा भार वाहताहेत, सर.

होळीच्या पोळीचं आधी बोलू, कारण मला ती फार आवडली. पोळी फुटली, पुरण तव्याला लागलं, स्वयंपाकघरात धूर, आणि सणाच्या दिवशी घरात सासू-सासरे. अशा वेळी कुठल्याही सुनेच्या पोटात गोळा येतो. तुमच्या सूनबाईंनी काय केलं? त्या गोळ्याचा डोसा केला. सगळे हसले. तिथं प्रकरण संपलं होतं. ‘अपयश’ हा शब्द तोवर स्वयंपाकघरात आलाच नव्हता, तो तुम्ही दिवाणखान्यातून आणलात. तुम्ही कौतुकच करत होतात, हे मला समजतं. पण त्यांना ऐकू काय आलं असेल? की माझी पोळी सासऱ्यांनी अपयश म्हणून मोजली. ती पोळी त्या दिवशी दोनदा फुटली. जमलं तर त्यांना तेवढं एकदा सांगा. माफीबिफी नको. “तुझा डोसा फर्मास होता” एवढं पुरे. खरं तर तो तुम्ही खाल्लात की नाही, हे तुम्ही लिहिलंच नाहीये.

आता नातवाचं उत्तर. तुम्हाला ते उद्धट वाटलं. माझ्या मते त्यानं पैकीच्या पैकी मिळवले. १९८८ सालच्या त्या सिनेमात चार पोरं पुण्यात खोली शोधतात आणि मालकिणीला हवी असतात जोडपी. म्हणून दोघांना लुगडं नेसावं लागतं. सगळा गोंधळ, सगळा हशा या एका अडचणीतून येतो. ही अडचण तरी नवी होती का? ज्या हिंदी सिनेमावर तो बेतला आहे, हृषीकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’, तो १९६६ चा. म्हणजे बावीस वर्षांत एकट्या पोरांना खोली न मिळण्याचं दुखणं इतकं ताजं राहिलं, की तीच गोष्ट पुन्हा मराठीत सांगता आली. आणि तुम्ही राहता त्या वाकड-हिंजवडी पट्ट्यात ‘बॅचलर चालणार नाहीत’ हे वाक्य आजही घरं दाखवणाऱ्या एजंटांच्या तोंडी असतं. तुमच्या आठवीतल्या नातवानं हसता हसता नेमकं तेच हेरलं : नियम असा असेल तर माणसं खोटं बोलतात.

इथं फार मोठा दरवाजा उघडला होता, सर. तुम्हाला पहिली नोकरी लागली तेव्हा तुम्ही कुठे राहिलात? खोली मिळाली का सहज? कुणी जात विचारली, कुणी ‘स्वयंपाक करणार असाल तर नको’ म्हटलं? तुम्ही कधी थोडं खोटं बोललात? बोलला असालच. मी पुण्यात पहिल्यांदा आले तेव्हा कॉट बेसिसवर राहायचे, आणि मालकिणीला सांगितलं होतं की मी रात्री साडेआठच्या आत खोलीत असते. तिला ते खरं वाटलं असेल असं मला आजही वाटत नाही, पण दोघींचंही काम भागलं. असं काही तुम्ही सांगितलं असतंत तर पोरगा उठून गेला नसता. उलट रात्री झोपताना तोच म्हणाला असता, “पण आजोबा, मग खोटं कधी चालतं?” हा प्रश्न तुमच्या मुखातून आला तर धडा होतो, त्याच्या तोंडून आला तर गप्पा होतात, आणि गप्पांमध्ये तो स्वतःहून थांबतो.

आता तुमच्या पत्नीकडे येते. पत्रातला तो परिच्छेद तुम्ही तक्रार म्हणून लिहिलाय. मी तो वाचून हसले आणि मग पुन्हा वाचला. चौथीतली मुलगी पडद्यावर एक बाई दाराआड उभी राहिलेली बघते, तिला कालची आजी आठवते, ती आजीला तोंडावर तसं सांगते, आणि आजी न रागावता हसते. सर, तुम्ही चौतीस वर्षं वर्गात जे घडावं म्हणून धडपडलात तेच हे. पाहिलेल्या गोष्टीचा संबंध स्वतःच्या घराशी लावणं. तोही कुणी न विचारता. वर आणखी एक : मोठ्या माणसाला त्याची चूक सांगता येते आणि त्यानंतरही आपण त्याच्या मांडीवर डोकं ठेवू शकतो, हे त्या मुलीनं त्या संध्याकाळी अनुभवलं. दाराआड ऐकणं वाईट, हे त्यात आपोआप आलं. पुढच्या वेळी आजी दाराआड उभी राहील तेव्हा तिला नातीची आठवण येईल. म्हणजे तिथं शिकवण खालून वर गेली, आणि हेच कदाचित तुम्हाला खुपलं असावं.

मालिकांबद्दलचा तुमचा राग मला मान्य आहे, बरं का. दागिने घालून झोपणाऱ्या बायका, दर आठवड्याला विष कालवणारी जाऊ, कानाखाली वाजवणारा नवरा आणि त्याला मागून लावलेली सनई. मीही वैतागते. असं काही दिसलं तर गप्प बसू नका. पण त्याच क्षणी, एका वाक्यात, पडद्याकडे बघत बोला : “हा मारतोय आणि ही रडून त्याचीच समजूत काढतेय, काय बाई आहे!” एवढंच. आजी नक्की उत्तर देईल, सून उत्तर देईल, भांडण जुंपेल, आणि मुलं दोन्ही बाजू ऐकतील. मालिका संपल्यावर टीव्ही बंद करून, चष्मा पुसून, “तर मुलांनो” असं सुरू केलंत की संपलं.

माझ्या घरची एक गोष्ट सांगते. आम्ही साताऱ्याला वाड्यात राहायचो, आणि टीव्ही होता पुढच्या सोप्यातल्या काकूंकडे. बी. आर. चोप्रांचं महाभारत लागायचं रविवारी सकाळी. १९८९ साल असावं, पाऊस होता, काकूंच्या दारात छत्र्या उघड्याच वाळत टाकलेल्या. वीसएक माणसं जमिनीवर. माझी आई घेवड्याच्या शेंगा मोडायला घेऊन यायची, कारण नुसतं बसून टीव्ही बघणं तिला पाप वाटायचं. त्या दिवशी द्यूतसभा होती. द्रौपदी भर सभेत प्रश्न विचारते आणि कुणी बोलत नाही. सोप्यातही कुणी बोलत नव्हतं. आईच्या हातातली शेंग अर्धी मोडून तशीच राहिली होती, हे मला अजून दिसतं. आजी फक्त एवढंच पुटपुटली, “म्हातारा मान खाली घालून बसलाय बघ.” म्हणजे भीष्म. वडिलांनी मात्र घरी आल्यावर आम्हाला विचारलंच, यातून काय शिकलात. मी सांगितलं, जुगार खेळू नये. शाबासकी मिळाली.

त्यानंतर काही दिवसांनी मागच्या खोलीतल्या बिऱ्हाडात नवरा बायकोला मारत होता. नेहमीचंच होतं ते. वाड्यातली दारं अशा वेळी पटापट लोटली जायची. त्या रात्री आईनं आमचं दार उघडलं, अंगण ओलांडलं आणि त्यांच्या कडीवर हाताच्या मुठीनं थाडथाड मारलं. मग आणखी दोन दारं उघडली. पुढे काय झालं ते लांबण आहे, सुखान्त वगैरे काही नव्हता. पण ती रात्र आणि ती शेंग माझ्या डोक्यात कायमची एकमेकांना जोडली गेली. पुष्कळ वर्षांनी मी आईला विचारलं, तू त्या दिवशी महाभारत बघून गेलीस ना? ती म्हणाली, “छे गं. दूध उतू गेलं म्हणून उठले होते, आवाज फार येत होता.” आता यातलं खरं काय ते मला ठरवता येत नाही. कदाचित संबंध मीच लावला. पण वडिलांना दिलेलं जुगाराचं उत्तर मी परीक्षेनंतर विसरले आणि अर्धी मोडलेली शेंग विसरले नाही, एवढं खरं.

तुम्ही श्यामच्या आईचा दाखला दिलात. मराठीच्या शिक्षकासमोर या पुस्तकावर बोलायचं म्हणजे काशीत गंगा विकणं, तरी बोलते. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आई जाऊन तेव्हा पंधराएक वर्षं उलटली होती. त्यातला श्याम मोठा झालेला आहे, आश्रमातल्या सोबत्यांना एकेका रात्री तो आईची एकेक आठवण सांगतो, आणि तात्पर्य त्या सांगण्यात येतं. आता पायाला माती लागू नये म्हणून हट्ट करणाऱ्या श्यामचा प्रसंग आठवा. न्हाणीजवळच्या धोंड्यावर आई स्वतःचे ओचे पसरते आणि त्यावर पाय ठेवून तो आत जातो. मग ती मनाच्या स्वच्छतेचं बोलते. बोलते हे मी नाकारत नाही. पण आधी ओचे पसरते, सर. आणि बोलून झाल्यावर कामाला लागते. ‘आता सांग पाहू, तू काय शिकलास’ असं तिनं विचारल्याचं मला त्या बेचाळीस रात्रींत कुठे सापडलेलं नाही. तुम्हाला सापडलं तर पान नंबर कळवा.

आणि गंमत बघा. या पुस्तकावर आचार्य अत्र्यांनी काढलेल्या सिनेमाला १९५४ साली राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीकडे यायला पन्नास वर्षं लागली, आणि २००४ मध्ये तो आला ‘श्वास’ला. त्यातही एक लहान मूल आणि एक वडीलधारं माणूस. कोकणातला आजोबा डोळ्यांचा कर्करोग झालेल्या नातवाला शहरातल्या इस्पितळात आणतो. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचणार, पण दृष्टी जाणार. शस्त्रक्रियेच्या आधी आजोबा काय करतो? डॉक्टरांना न सांगता पोराला बाहेर काढतो आणि शहर दाखवत हिंडवतो. धीर कसा धरावा यावर तो प्रवचन देत नाही. बघून घे, एवढंच. डॉक्टर भडकतात, आणि त्यांचंही बरोबरच असतं. मी तो सिनेमा वडिलांबरोबर पाहिला होता. बाहेर आल्यावर पहिल्यांदाच त्यांनी काही विचारलं नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाले, “तुला रसवंतीत थांबायचंय का?” मी तेव्हा तिशीच्या पुढे होते, आणि उसाचा रस मला फारसा आवडत नाही. पण थांबलो.

तुम्ही म्हणाल, मग आपल्याकडे करमणुकीतून शिकवायची परंपराच नव्हती का? होती, भरपूर होती, आणि ती चालवणारे लोक वस्ताद होते. नारदीय कीर्तनात बुवा निरूपण पूर्वरंगात उरकून घेतात, लोक अजून जागे असतात तोवर. मग बुक्का लागतो, आणि उत्तररंगात आख्यान रंगतं. शेवटी मूळ पदाकडे वळतात, पण खांबाला टेकून बसलेल्याला उभं करून ‘सांगा, काय बोध घेतलात’ असं कुणी विचारत नाही. एकनाथांच्या विंचवाच्या भारुडात काम-क्रोधाचा विंचू चावतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण लोक जमतात ते त्या चावलेल्याचं तडफडणं बघून हसायला. ज्याला ज्या दिवशी चावेल त्याला त्या दिवशी ते कळेल. भारूडकाराला घाई नसते. तुम्हाला ती आहे, कारण मुलं मोठी होताहेत आणि आपल्याकडे वेळ थोडा आहे असं तुम्हाला वाटतं. पत्रात तुम्ही हे लिहिलेलं नाही. मी ओळींमधून वाचलं. चुकलं असेल तर सोडून द्या.

तेव्हा करायचं काय? एक महिना तो प्रश्न विचारू नका. जीभ चावा, उठून पाणी प्या, गॅलरीत जाऊन तुळशीची पानं मोजा. संध्याकाळच्या मालिकेला आजीशेजारी जाऊन बसा, पण हात रिकामे नकोत. तिच्या ताटातली मेथी निवडायला घ्या. हात कामात असले की माणूस समोरच्याचे पेपर तपासत नाही. पहिले दोन दिवस मुलं तुमच्याकडे संशयानं बघतील, आता कधी तोंडी सुरू होणार म्हणून. तिसऱ्या दिवशी विसरतील. मालिकेतल्या माणसांबद्दल शेजाऱ्यापाजाऱ्यांबद्दल बोलतात तसं बोला, चुकीची बाजू घ्या, नातीला तुमच्याशी भांडू द्या. आणि नातवाकडे मोबाइलवर एखादा गेम असेलच, त्याला म्हणा, मला शिकव. तुम्ही हराल. वारंवार हराल. हरल्यावर तुम्ही काय करता ते तो बघत असेल, म्हणून चिडचिड झाली तर होऊ द्या, पण गेमला शिव्या देऊन उठू नका. वाईट वाटलं तर बायकोकडे तक्रार करा, त्यांना त्याची सवय असेल.

मुलगा-सुनेला वेळ नाही, हे वाक्यही जरा मागे घ्या. ज्या घरात करपलेल्या पुरणाचा डोसा होतो आणि नात आजीला तोंडावर खरं सांगू शकते, तिथं संस्कार करायला कुणीतरी आधीच वेळ काढलेला आहे. तुम्ही तिथं नव्यानं बदली होऊन आलेले शिक्षक आहात. आधीच्या शिक्षकांनी कुठवर शिकवलंय ते पहिले काही दिवस बघायचं असतं, हे मी तुम्हाला काय सांगू.

‘बनवाबनवी’ पुन्हा लागेलच, तो कायम लागतो. त्या वेळी जाहिराती लागल्या की नातवाला तुमच्या पहिल्या खोलीबद्दल सांगा. किती भाडं होतं, पाणी कुठून आणायचात, मालक कसा होता, आणि त्याला तुम्ही काय थाप मारली होती. खोलीचं भाडं मलाही कळवा, उत्सुकता आहे.